धोंडूबाईच्या मापाची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी, आडव्या अंगाची, नऊ माणसं बसतील एवढी मोठी गाडी आहे. आहे म्हणते खरी, पण सध्या भिवंडीजवळ वडप्याला एका गोदामाच्या मागच्या भिंतीला लागून उभी आहे आणि माझ्यात एका कोंबडीशिवाय कोणी बसत नाही. चारही टायर बसलेत. तुम्ही शाळेतून येताना माझ्या धुळीवर बोटाने नावं लिहिता, ते मला कळतं. त्याचा मला राग नाही. माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

सन दोन हजारात मी इथे आले. हायवेच्या कडेची भातशेतं तेव्हा एकेक करून गोदामांखाली जात होती. माझे मालक दाजी, त्यांचं शेतही गेलं आणि त्याच वर्षी त्यांच्या दारात मी आले. दाजींच्या मुलाने, केसरीनाथने, मला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि गावभर मिरवलं. माझ्या चारही चाकांना एकदम जोर मिळतो. त्यासाठी गिअरशेजारी एक वेगळा छोटा दांडा आहे. चिखल असो, दगड असोत, तो दांडा ओढला की मी अडत नाही. केसरीनाथने चार वर्षांत तो एकदाही ओढला नाही. पाहुणे आले की मात्र तो त्यावर हात ठेवून सांगायचा, ही डोंगर चढते. मी चढत होते ते वडपे नाका ते भिवंडी एवढंच.

मग थंड हवेची नवी गाडी आली. मला गोदामामागे लावलं आणि कौतुकाची माणसं तिकडे वळली. तसं तर होणारच होतं. पण त्या हिवाळ्यात एका दुपारी दाजी आले, माझं मागचं दार उघडून आत उकिडवे बसले आणि माझ्या छताकडे, खिडक्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, विकायचा बेत आहे. बेत निराळाच होता.

दाजींची बायको धोंडूबाई. तिचं माहेर शहापूरच्या पलीकडे, आणि ते आता गाव उरलेलं नाही. तिच्या लग्नानंतर चार वर्षांनी तिथे धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. भाऊ पांगले. पण वैशाखात धरणाचं पाणी खाली जातं, तेव्हा दोन-तीन आठवडे गावदेवीच्या देवळाचं जोतं उघडं पडतं, असं कोणीतरी तिला सांगितलं होतं. तिथे नारळ ठेवायचा, एवढीच तिची इच्छा होती. तिथवर रस्ता नाही. गाळाची भेगाळलेली जमीन, मग दगड, मग उतार. धोंडूबाईचे गुडघे गेलेले. आणि शिवाय तिचं म्हणणं असं की लेक माहेराला गेली की त्याच दिवशी परत फिरत नाही, एक रात्र राहते. आता जिथे घर नाही, छप्पर नाही, तिथे म्हातारीने रात्र काढायची कुठे? दाजींनी त्याचं उत्तर माझ्यात शोधलं. मला चाकांवरचं घर करायचं त्यांनी ठरवलं.

दाजींनी आयुष्यात स्वतःच्या बैलगाड्या स्वतः बांधल्या होत्या, ट्रॅक्टरही चालवला होता. सुताराला बोलावणं त्यांना कमीपणाचं वाटलं. माझी मागची सगळी बाकं त्यांनी काढली. गोदामात मालाखाली घालतात त्या लाकडी पाटांच्या फळ्या रंधून त्यांनी पलंग केला. माप घ्यायला टेप नव्हती असं नाही, पण दाजींनी धोंडूबाईला गोदामाच्या फरशीवर झोपायला सांगितलं आणि तिच्याभोवती खडूने रेघ ओढली. ती पाय दुमडून झोपली. दाजी म्हणाले, सरळ झोप, तुझ्या गुडघ्यांना पाय लांब करता आले पाहिजेत.

"मी काय मेलेली हाय का, अशी सरल झोपाला?" ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. तरी झोपली सरळ.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चांगले महिने म्हणाल तर तेवढेच. दाजींनी खिडक्यांना कोऱ्या ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या, कापडाचे पडदे लावले, शेजारच्या लूमवरून आणलेले. मागच्या दारावर आत दुमडणारी फळी बसवली, तिच्यावर रॉकेलचा स्टो. पाण्याचे दोन कॅन, छतावर लोखंडी जाळी, आणि धोंडूबाईला चढता यावं म्हणून बेताच्या उंचीची पायरी. पलंगाखाली एक पेटी, तळाला बोल्टने पक्की केलेली. पहिल्यांदा तो छोटा दांडा ओढला तोही दाजींनीच, शेजाऱ्याच्या कापलेल्या शेतात. मी बांधांवरून अशी गेले की मलाच माझं नवल वाटलं. एकदा ते दोघं मला घेऊन वज्रेश्वरीला गेले. गरम कुंडात पाय सोडून बसले, माझ्या मागच्या फळीवर चहा केला, आणि परतताना धोंडूबाई पलंगावर गाढ झोपली. मी खड्डे चुकवत नव्हते, दाजीच चुकवत होते.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? अडलं ते ऐका. धरणाचं पाणी उतरतं वैशाखात आणि आमच्या गावाकडची लग्नं लागतात तीही वैशाखात. इकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. साऱ्या भावकीने उभं राहायचं, ज्याच्याकडे जे असेल ते द्यायचं. हळदीला मागितलेली गाडी नाही म्हणायची नाही, हा रिवाज. आज आपण नाही म्हटलं तर उद्या आपल्या दारात मांडव पडेल तेव्हा कोण येईल, हा धाक त्याच्या मागे. रिवाज वाईट नाही हो. पण त्यात कोणी एवढं विचारत नाही की या गाडीत कुणाचं काही ठरलेलं आहे का.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात दाजींचा चुलतभाऊ राहनाळहून आला. मुलाची हळद, मोठे स्पीकर न्यायचे होते. दाजी माझ्याकडे न बघताच "ने" म्हणाले. पलंगाचे स्क्रू काढले, फळ्या गोदामात भिरकावल्या, पडद्यांना स्पीकरच्या वायरी पुसल्या. आठ दिवसांनी मी परत आले तर दुसऱ्या हळदीचा निरोप येऊन बसला होता. तिसऱ्या हळदीपर्यंत आभाळ भरून आलं आणि जोतं पाण्याखाली गेलं. दाजींनी पावसाळाभर पलंग पुन्हा जोडला. या खेपेला बोल्ट टाकले, कुणी सहज काढू नये म्हणून. बोल्ट टाकता आले, नाही म्हणता आलं नाही. मला दाजींचा राग आहे तो इथे आहे.

पुढच्या मे महिन्यात बुधवार ठरला. आदल्या दिवशी दुपारी धोंडूबाईने पेटी भरली. हिरवं लुगडं, हळदीकुंकवाची पुडी, पसाभर तांदूळ आणि सोललेला, शेंडी राखलेला नारळ. संध्याकाळच्या आत केसरीनाथ आला. त्याच्या बायकोकडच्या भाचीची, रुचिकाची, हळद बुधवारीच होती. नव्या गाडीला फुलं लावलेली, तिच्यात खरकटं कोण ठेवणार? जेवणाची पातेली आणायला जुनी गाडी हवी होती. दाजी खाली मान घालून उभे राहिले. त्यांनी त्या वेळी तोंड उघडलं असतं तर आज मी तुम्हाला काही सांगत बसले नसते. बोलली ती धोंडूबाई.

"देऊन टाका. पोरीची हलद हाय. पानी काय पलून जात न्हाय, पुढल्या सालाला परत उतरल."

मग ती पायरी चढून आत आली, लुगडं तेवढं काढून घेतलं आणि पेटी पुन्हा लावली. "नारल र्‍हाव दे आतच," ती पुटपुटली, "पुढल्या सालाला लागल." ते फक्त मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिच्या पलंगावर मटणाची पातेली आली. रश्श्याचे डाग फळ्यांत मुरले ते आजही तिथे आहेत.

पुढचं साल तिला लागलंच नाही. माघात ती न्हाणीत पडली आणि ठाण्याच्या हॉस्पिटलात बाराव्या दिवशी गेली. तिला घरी आणायला गाडी पाहिजे होती. दारात तोवर दोन नव्या गाड्या होत्या, दोन्ही चकचकीत, पण त्यांच्यात आडवं माणूस मावेना. मग सगळ्यांना मी आठवले. ठाण्याहून वडप्यापर्यंत धोंडूबाई माझ्यातल्या पलंगावर झोपून आली, पाय लांब करून, अगदी सरळ. दाजी तिच्या उशाशी बसले होते. डोक्याकडे बोटभर जागा, पायाकडे बोटभर जागा. त्यांचं माप कुठेही चुकलं नव्हतं.

त्या दिवसापासून मला कोणी हळदीला मागत नाही. मढं वाहिलेली गाडी शुभकार्याला चालत नाही म्हणतात. तिचा जीव होता तेव्हा दर वैशाखात माझ्या दारावर थाप पडत होती, आणि आता तीन वैशाख मी मोकळी उभी आहे. मला याचं हसूही येत नाही. ती गेल्यानंतरच्या पहिल्या मे महिन्यात दाजी एकदा आले होते. बॅटरी मागवून जोडली, मला चालू केलं, छोट्या दांड्यावर हात ठेवला. मला वाटलं, निघालो. मी जुनी झाले होते, पण तिथवर नक्की गेले असते.

"आता न्याव तं कोनाला?" दाजी म्हणाले. किल्ली फिरवून बंद केली आणि उतरून गेले. पेटी त्यांनी उघडली नाही. तिच्यात काही उरलंय हे त्यांना ठाऊकच नाही.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू सांगतो की आम्हाला पुसा, तेल घाला, उन्हात ठेवू नका. मला ते काही नको. तुमच्या घरात एखादं माणूस पुढल्या वर्षी जाऊ, असं म्हणत असेल, तर दारात आलेल्या पाहुण्याला आधी नाही म्हणा आणि त्या माणसाला गाडीत बसवा. पाहुणा रागावेल. रागावू दे.

आणि एक काम आहे. भंगारवाला येऊन मला बघून गेला आहे. तो मला कापायला येईल त्याआधी तुमच्यातल्या कुणीतरी मोठ्या माणसाला सोबत घेऊन पलंगाखालची पेटी उघडा. नारळ आत आहे. सुकून गोटा झालाय, मला वारा लागला तरी आतल्या आत वाजतो. वैशाखात पाणी उतरलं की तो त्या जोत्यावर नेऊन ठेवा. पण ठेवलात की लगेच त्याच दिवशी परत फिरू नका. एक रात्र तिथे राहा.