चार वाजून दहाचा चहा

चार वाजून नऊ मिनिटं झाली आणि दिवाणखान्यातली वीस-बावीस माणसं एकदम गप्प झाली. पाच जण सोफ्यावर, दहा-बारा सतरंजीवर, उरलेले दारात एकमेकांच्या खांद्यावरून माना उंचावून उभे. सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या वहीएवढ्या स्क्रीनवर खिळले होते. घरात कुठे किती वीज चालली आहे ते तिथे दिसायचं. फ्रिज, गिझर, टेबलावरचा दिवा, आणि सगळ्यात खाली किटली. किटलीपुढे शून्य होतं.

चार दहा झाले. स्वयंपाकघरात बारीकसं 'टक्' वाजलं आणि स्क्रीनवरची सपाट रेघ ताडकन उभी राहिली. किटली, पंधराशे वॅट.

"आले!" गेलेल्यांशी बोलणारे तरंगबुवा डोळे मिटूनच म्हणाले.

स्वयंपाकघरात चिटपाखरू नव्हतं, तरी किटलीतलं पाणी गुरगुरायला लागलं. दारातल्या एका बाईंनी हात जोडले. सोफ्यावर बसलेल्या, घरच्या ताईंच्या डोळ्यांना धार लागली. चार महिन्यांपूर्वी गेलेला त्यांचा नवरा बरोबर याच वेळेला चहा घ्यायचा, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं.

"आत्मा म्हणजे काय? ऊर्जा," बुवांनी सुरू केलं. "वीज म्हणजे काय? ऊर्जा. ऊर्जा मरत नाही, हे तुमचं शास्त्रच सांगतं. मग माणूस मेल्यावर जातो कुठे? वायरीत!"

"अगदी तर्कशुद्ध आहे," तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक मान डोलवत म्हणाले.

दाराला टेकून उभ्या असलेल्या मीटरमामांच्या कपाळावर आठी चढली. मामा म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ. एकतीस वर्षं घरोघरी फिरून त्यांनी विजेची मीटरं वाचली होती. मीटरला चुंबक चिकटवणारे त्यांनी पाहिले, मधल्यामध्ये तार जोडणारे पाहिले आणि आकडा घ्यायला गेल्यावर अंगावर कुत्रं सोडणारेही पाहिले. मीटर कुणाचं ऐकत नाही आणि माणसं मात्र वाट्टेल ते सांगतात, एवढं शिक्षण त्यांना जिन्याखालच्या अंधारात मिळालं होतं.

पाणी उकळलं, किटलीचं बटण आपोआप वर आलं. मग प्रश्नोत्तरं झाली. त्यासाठी बुवांच्या शेजारी टेबलावर एक दिवा होता. उत्तर 'हो' असेल तर दिवा लागायचा, 'नाही' असेल तर नाही.

"विचारा माई, तुमच्या मनातलं विचारा," बुवा म्हणाले.

ताईंनी हात जोडले. "अहो, डोळ्याचं ऑपरेशन करू का हो?"

सगळे दिव्याकडे बघत राहिले. तो काही लागला नाही.

"नको म्हणतात," बुवांनी सुस्कारा टाकला. "देहाला शस्त्र लागलं की तरंग तुटतात, माई."

ताईंना काचबिंदू होता. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की गेलेली नजर परत यायची नाही, आता उरलेली वाचवायची, आणि पंधरा दिवसांच्या आत डावा डोळा केलाच पाहिजे. आजचा दहावा दिवस होता. आणि इथे ऑपरेशनचा निकाल टेबलावरचा दिवा देत होता!

गर्दी पांगल्यावर मामांनी बहिणीला विचारलं, "ताई, किटली रोज कोण भरतं?"

"मीच की. बुवांनी सांगितलंय, पाणी भरून, बटण दाबून ठेवायचं. बाकीचं ते बघतात."

"बटण आधीच दाबून ठेवायचं?"

"हो."

"म्हणजे भाऊजींना एवढं वायरीतून येता येतं, पण बटण दाबता येत नाही?"

"थट्टा करू नकोस रे!" ताई एकदम कडाडल्या. "तुला त्यांचं कधी कौतुक नव्हतंच. चार महिन्यांनी मला माझं माणूस भेटतंय, तेही बघवत नाही का तुला?"

हे मामांना लागलं. पण शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्यांनी ओट्यामागे वाकून पाहिलं. किटलीची पिन थेट भिंतीत नव्हती, मध्ये एक पांढरा जाडसर प्लग होता. तसाच दुसरा प्लग दिवाणखान्यातल्या दिव्याला. मामांनी जिन्यात जाऊन परदेशातल्या भाच्याला फोन लावला. वडील गेल्यावर हे सगळं त्यानेच बसवून घेतलं होतं. सकाळी सातला किटली चालू झाली की त्याला तिकडे कळायचं, आई उठली.

"त्या प्लगांना हुकूम कोण देतं रे?"

"फोनवरून देता येतो, मामा. मी देऊ शकतो, आई देऊ शकते. वेळही लावून ठेवता येते, मग तो आपोआप चालू होतो. का?"

"रोज चार दहाला किटली तू लावतोस?"

"छे! मला वाटलं आई चहा घेते. बरं वाटायचं बघून." मग तो थांबला. "मामा, इथे सदस्यांच्या यादीत तिसरंच नाव दिसतंय. 'तरंग'. हा कोण?"

मामांनी खालचा ओठ चावला. बुवा पहिल्यांदा सांत्वनाला आले तेव्हा त्यांनी 'शुद्ध करून देतो' म्हणून ताईंचा फोन अर्धा तास आपल्याजवळ ठेवून घेतला होता.

"लगेच काढून टाकतो त्याला!" भाचा संतापला.

"अजिबात नको. आज काढलंस तर तो म्हणेल आत्मा रुसला, आणि तुझी आई जन्मभर मला दोष देईल. उद्या चार वाजता फोनजवळ बस. मी सांगेन तेव्हा काढ."

दुसऱ्या दिवशी ताई दुपारच्या पडल्या असताना मामांनी एकच काम केलं. दोन्ही पांढऱ्या प्लगांची अदलाबदल केली. किटलीचा प्लग दिव्याला, दिव्याचा किटलीला. कुठे कसली तोडफोड नाही, की वायरीला धक्का नाही. किटली भरलेली, बटण दाबलेलं, सगळं रोजच्यासारखं.

चारला माणसं जमली. आज जास्तच होती, शेजारच्या इमारतीतलीही आली होती. बुवांनी ऊर्जेचं कीर्तन लावलं, डोळे मिटले.

चार दहा झाले. 'टक्' वाजलं.

"आले!" बुवा म्हणाले. "ऐका, पाणी उकळतंय!"

कुणालाच काही ऐकू आलं नाही. किटली थंडगार होती आणि बुवांच्या कानाशी टेबलावरचा दिवा भर दुपारी लख्ख पेटला होता. स्क्रीनवर किटलीपुढे नऊ वॅट.

कुणीतरी फिसकन हसलं. बुवांनी डोळे उघडले, दिव्याकडे पाहिलं, पण गडी मुरलेला होता. "आज प्रकाशरूपाने आले," ते म्हणाले. आणि खरं सांगायचं तर निम्म्या खोलीने हात जोडले. मुख्याध्यापकांनीही जोडले. लोक किती पटकन मदतीला धावतात, तेही फसवणाऱ्याच्या, हे पाहून मामांना बुवांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

"मग बुवा, भाऊजीच आलेत ना, एवढं तरी विचारा," मामा पुढे होत म्हणाले.

"तुम्हीच आलात ना?" बुवांनी छताकडे बघून विचारलं. त्यांचा उजवा हात मांडीवरच्या कापडी पिशवीत गेला.

स्वयंपाकघरात किटली गुरगुरायला लागली.

"हे काय?" दारातल्या बाई म्हणाल्या. "हो म्हणायला किटली?"

"भाऊजींचा गोंधळ झालेला दिसतोय," मामा म्हणाले. "चाळीस वर्षं या घरात राहिलेल्या माणसाला दिवा कुठला आणि किटली कुठली ते कळेना. का? तर दुपारी मी प्लग बदलले, आणि ते पिशवीतल्या फोनला माहीत नाही." त्यांनी कानाला लावलेल्या फोनमध्ये सांगितलं, "काढ रे आता."

दोन सेकंद गेले. बुवांच्या पिशवीत 'टिंग' वाजलं.

खोलीतल्या प्रत्येकाने ते ऐकलं. मुख्याध्यापक उठले, सरळ पिशवीत हात घालून त्यांनी फोन बाहेर काढला आणि वर्गात वाचावं तसं मोठ्याने वाचलं, "आपल्याला या घराच्या सदस्य यादीतून काढण्यात आले आहे." वाचता वाचता त्यांचा चेहरा पडला.

मग मामांनी दोन्ही प्लग काढून सगळ्यांच्या हातात दिले आणि कसं चालतं ते समजावलं. चार दहाची वेळ आधीच लावलेली असायची, तोवर प्लग बंद. 'हो' हवं असेल तेव्हा बुवांचं बोट चालायचं, 'नाही' हवं असेल तेव्हा ते स्वस्थ बसायचे. ऑपरेशन झाल्यावर मुलगा ताईंना आपल्याकडे राहायला नेणार होता; ताई तशा गेल्या असत्या तर ही रोजची बैठक, हा मान, हा दिवाणखाना सगळंच बुवांच्या हातून गेलं असतं. म्हणून दिवा लागला नाही. हे चाललं असताना बुवा चपला हातात घेऊन कधी जिना उतरले, ते कुणाला कळलंही नाही.

ताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. सगळे गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे ते एकदाही आले नव्हते?"

"नाही, ताई."

त्या खूप वेळ रडल्या. मरणाने एकदा नेलेला बहिणीचा नवरा आपण दुसऱ्यांदा हिरावून घेतला, असं मामांना वाटत होतं, आणि तरी ते केलं याचा पश्चात्ताप होत नव्हता.

बाराव्या दिवशी ऑपरेशन झालं. चार दिवसांनी मुख्याध्यापक खाली मान घालून भेटायला आले. "वहिनी, इतकी वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं मी. लाज वाटते."

"सर, तुमच्यापेक्षा मी जास्त चुकले," ताई म्हणाल्या. त्यांच्या डाव्या डोळ्यावर प्लास्टिकची जाळीदार झाकणी होती. "चष्मा घरी विसरले तर अर्ध्या रस्त्यातून मला परत पाठवायचे ते. असा माणूस मला म्हणेल, डोळा जाऊ दे? एवढं जरी मी स्वतःला विचारलं असतं ना, तरी त्या बुवाला पहिल्याच दिवशी दार दाखवलं असतं. मला विचार करायचाच नव्हता, कारण मला ते हवे होते. त्याने तेच हेरलं."

मुख्याध्यापक जायला उठले.

"आता इमारतीत सगळ्यांना सांगा माझं नाव घेऊन," त्या म्हणाल्या. "कुणी तुमच्या दुःखात येऊन चमत्कार दाखवू लागलं, तर हात जोडण्याआधी विचारा, हे कसं झालं ते आम्हाला उघडून दाखवता का? खऱ्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही."