दोनशे बारावं रेकॉर्डिंग

“काका, एकच तर रेकॉर्डिंग आहे. काढून टाका ना यादीतून.”

मॅडम उभ्याउभ्याच बोलत होत्या. वयानं त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, हुद्द्यानं दोन पायऱ्या वर. पडद्यावर चाचणीच्या दोनशे अकरा ओळी हिरव्या होत्या आणि तळाची एक, नापास झालेली, लाल. त्या ओळीचं नाव होतं ‘ताईचं घर’.

“खरं रेकॉर्डिंग आहे, मॅडम. मी स्वतः जाऊन घेतलंय.”

“बाकीचीही खरीच आहेत की.”

खरीच होती.

तो मोबाईलच्या चिपवर काम करी. चिप नखाएवढी, आणि त्याच्या वाट्याला तिचाही एक कोपरा, मेमरीचा. टॉवरकडून आलेली माहिती अर्धवट पोचली, तर फोन ती टाकून देत नाही. या कोपऱ्यात जपून ठेवतो, टॉवरला म्हणतो, पुन्हा सांग. मग दुसऱ्यांदा आलेलं पहिल्यावर ठेवतो आणि दोन्ही मिळून अर्थ लावतो. जपायची असते ती खात्री. हा कण ‘हो’ आहे की ‘नाही’, आणि आहे तर किती नक्की. त्या खात्रीची घडी जेवढी लहान, तेवढा कोपरा लहान, तेवढा फोन स्वस्त. पूर्वी खात्रीच्या चौसष्ट छटा लागत. त्यानं त्या आठात बसवल्या होत्या. रुमालाच्या, पाकिटांच्या, वाचून झालेल्या कागदांच्याही तो घड्या घाली, म्हणून अख्खं ऑफिस त्याला घडीकाका म्हणे.

आता वरून हुकूम आला होता: चारच छटा.

“हो, नाही, बहुतेक हो, बहुतेक नाही,” मागच्या टेबलावरचा म्हणाला होता. “आमची बायको एवढ्यावर संसार चालवते, घडीकाका. तुमच्या चिपला काय धाड भरलीय?”

सगळे हसले. तोही हसला.

जिथे टॉवर जवळ, तिथे चार पुरत. पण ताईचं घर डोंगराच्या कुशीत, खोलगटात. तिथे काहीच नक्की पोचत नसे. सगळं ‘बहुतेक’च, आणि एका बहुतेकात नि दुसऱ्या बहुतेकात जो केसाएवढा फरक, त्यावरच तिचा सगळा फोन तरलेला. चार छटांत तो केस हरवत होता, म्हणून तिची ओळ लाल.

तीन वर्षांपूर्वी तो सिग्नल टिपायचं यंत्र घेऊन तिच्याकडे गेला होता. मागच्या दाराच्या दुसऱ्या पायरीवर, जिथे उभं राहून ती फोन करते तिथेच, त्यानं ते ठेवलं.

“हा डबा काय ऐकतो रे?” ताईनं विचारलं होतं.

“टॉवर ऐकतो.”

“मग मी गप्प बसू?”

“बोल की. त्याला तुझं बोलणं ऐकू येत नाही.”

तरी ती चाळीस मिनिटं तोंडावर पदर धरून उभी राहिली. आतून भावोजींनी हाक मारली, तर पावलं न वाजवता गेली, त्यांना कुशीवर वळवलं नि तशीच परत आली. भावोजी अंथरुणाला खिळलेले. डॉक्टर, औषधवाला, भाऊ, तिला जग म्हणून जेवढं होतं, ते त्या पायरीवरूनच येई.

“आणखी एकदा करून बघू?” तो मॅडमना म्हणाला. “सिग्नल कमजोर असेल तेव्हाच आठ छटा. एरवी चार.”

“अकरा आठवडे तेच करून बघितलंत, काका. कधी आठ नि कधी चार हे ठरवणारा भाग बसवायलाच वाचलेली जागा गेली.” मग त्या खुर्ची ओढून बसल्या. आवाज खाली आला. “दुसऱ्या कंपन्या कधीच चारवर आल्यात. कोपऱ्याचं माप वरून ठरून आलंय. मी नाही म्हटलं तर उद्या या खुर्चीत दुसरं कुणी बसेल, आणि ते तुम्हाला काकासुद्धा म्हणणार नाही.”

यादी त्याच्या ताब्यातली. काढायचं तर त्यालाच काढावं लागणार होतं. संगणकानं कारण विचारलं. त्यानं लिहिलं, ‘अपवादात्मक जागा’. लाल ओळ गेली. खाली हिरव्या अक्षरांत आलं: सर्व उत्तीर्ण.

“थँक्यू, काका,” मॅडम म्हणाल्या आणि त्याच्याकडे न बघता गेल्या.

चार वाजता भावोजींचा डोळा लागतो. चारलाच फोन वाजला. तो जिन्यात जाऊन उभा राहिला.

“जेवलास का? जेवलास का?”

ताई सगळं दोनदा बोलते. लहानपणी तापात त्याचे कान गेले होते, पुढे वर्षभर जेमतेम ऐकू येई. तेव्हा ती एकेक वाक्य दोनदा म्हणायची. पहिल्यातलं हाती लागेल तेवढं तो धरून ठेवी, उरलेलं दुसऱ्यातून घेई. कान बरे झाले; तिची सवय राहिली. चिपचं हे काम हाती आलं, तेव्हा त्याला ते कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं.

“जेवलो. भावोजी?”

“आहेत तसेच. अरे, माझा फोन मागून फुगलाय बघ. झाकण बसत नाही, रबरबँड लावून चालवतेय. दुकानदार म्हणाला, नवा घ्या. मी म्हटलं, थांबा, माझा भाऊ करतोय, त्याचाच घेणार. तुझा कधी येतोय?”

त्याच्या खिशातला रुमाल नकळत हातात आला होता. बोटं त्याची घडी घालत होती, आणखी लहान, आणखी लहान.

पलीकडून ती नेहमीसारखं, एकेक शब्द सुटा करून, सावकाश म्हणाली, “तुझा, फोन, कधी, येतोय?”

पहिल्या वेळीच त्याला सगळं ऐकू आलं होतं.

“ताई, आवाज तुटतोय,” तो म्हणाला.

“थांब हं, थांब हं.” चपलेचा आवाज आला. ती एक पायरी वर चढली असावी, मग आणखी एक. गुडघा दुखतो तिचा. दम लागल्याचं फोनमध्ये स्वच्छ कळत होतं.

“आता?” ती विचारत होती. “आता येतंय का ऐकू?”