मैत्रीच्या भिंतीतलं दार

शिवणकाम करणाऱ्या वहिनींच्या दारासमोरची मैत्रीची भिंत शेवटी आडवी झाली. पण ती आडवी झालीच नाही, असं जागतिक क्रीडा महोत्सवाच्या आयोजन समितीने कळवलं आहे. समिती मोठी असल्यामुळे आपणही भिंत उभीच आहे असं धरून पुढे जाऊ.

भिंत पत्र्याची होती. खेळाडूंच्या बस ज्या रस्त्याने जाणार त्या रस्त्यावर माणसं राहतात, ही गोष्ट समितीच्या जरा उशिराच ध्यानात आली. माणसं, त्यांच्या वाळत घातलेल्या चादरी, गळका पाइप, हे सगळं जगाला दाखवणं बरं दिसत नाही. म्हणून कडेने डोक्याहून उंच पत्रे ठोकले, त्यांवर नाना रंगांचे हात एकमेकांत गुंफलेले काढले आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘भिंती नकोत, मैत्री हवी.’ भिंतीला कान असतात म्हणतात. हिला नुसते हातच होते, त्यामुळे कोणाचं काही ऐकून घ्यायची सोयच नव्हती.

वहिनींचं दुकान आणि घर एकच. पुढे मशीन, मागे स्वयंपाकघर, राहायला त्या आणि त्यांची मोठी नणंद. नवरा गेल्यापासून दोघींचं पोट त्या मशीनवर होतं. दार एकुलतं एक, आणि ते नेमकं एका निळ्या अंगठ्यामागे गेलं. भिंतीच्या वर दिसत होती ती फक्त दुकानाच्या पाटीवरची कात्री.

गिऱ्हाइकं पत्र्यावरून कपडे आत फेकू लागली आणि मापं ओरडून सांगू लागली.

“वहिनी, कंबर सैल करा! गेल्या वेळेपेक्षा बरीच!”

हे अख्ख्या रस्त्याला ऐकू जायचं. चार दिवसांत वाढत्या अंगाची गिऱ्हाइकं लाजेकाजेने दुसरीकडे वळली, आणि शिवणाऱ्याचं पोट तर दुसऱ्याच्या सुटलेल्या पोटावरच चालतं. राहिले ते काडीपैलवान. त्यांचे कपडे कधी उसवतच नाहीत.

बाहेर जायचं तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून.

“वन्सं, जपून उतरा.”

“मला नको शिकवूस. या वयात कसरतीचं पदक माझंच आहे. फक्त देश कुठला लिहायचा तेवढं विचारून ये.”

वहिनी खरंच विचारायला गेल्या. समितीच्या कचेरीत सद्भावना अधिकारी बसले होते. त्यांच्या कोटाचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं, आणि वहिनींची नजर सारखी तिकडेच जात होती.

“साहेब, माझं दार गेलं.”

“गेलं नाही बाई. भिंतीमागे आहे.”

“गिऱ्हाईक भिंतीपुढून येतं ना!”

“जरा मोठा विचार करा. खेळामुळे सगळी माणसं एक होतायत.”

“मग मलाच का वगळलं?”

“वगळलं कुठे? झाकलंय.” साहेबांनी कागद ओढला. “थोडक्यात, तिथे दार हवंय. एवढंच ना?”

“एवढंच.”

“दखल घेतली.”

आणि खरोखर घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी आला आणि त्याने पत्र्यावर दार काढलं. हिरवंगार, पितळी कडीचं. नणंदबाईंनी स्टुलावर चढून पलीकडे डोकावून पाहिलं.

“आपल्यापेक्षा झकास आहे गं. पायपुसणंसुद्धा काढलंय.”

“उघडतं का?”

“रंग ओला आहे. वाळल्यावर बघू.”

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “पदकांवर सोनंही असंच काढत असतील मेले!” असं म्हणून त्यांनी मशीन इतकं जोरात चालवलं की एका सदऱ्याच्या दोन्ही बाह्या एकमेकींना शिवल्या गेल्या. मैत्री अशीही होते.

वजन उचलण्याच्या अंतिम फेरीच्या सकाळी पत्र्यावर थापा पडल्या. नणंदबाई पुन्हा स्टुलावर चढल्या.

“वहिनी, दोन डोंगर आलेत. एकाच्या हातात फाटका पोशाख आहे.”

दोघे वजन उचलणारे गडी होते, आणि तेही अशा दोन देशांचे, ज्यांचं भांडण टीव्हीवर रोज जेवणाच्या वेळी लागायचं. एकाचा पोशाख सरावात टर्रकन उसवला होता. दुसऱ्याने बसमधून पाटीवरची कात्री पाहिली होती आणि त्याला दंडाला धरून ओढत आणलं होतं. आता दोघे मिळून चित्रातली कडी खाजवत होते.

“अहो, ते दार नाही! चित्र आहे!” वहिनी आतून ओरडल्या.

त्यांना भाषा कळली नाही. कळलं ते इतकंच, की दार अडकलंय आणि आत बायका ओरडतायत. दोघे खाली वाकले, पत्र्याखाली बोटं घातली, एकमेकांकडे पाहिलं, हुंकार भरला. खिळे पटापट उडाले. हिरवं दार, निळा अंगठा आणि अर्धी घोषणा असा सगळा तुकडा दोघांच्या डोक्यावर गेला.

वहिनी उंबऱ्यावर आल्या, वर पाहिलं आणि म्हणाल्या, “वन्सं, या. पुढून या.”

नणंदबाई पदर सारखा करून सावकाश बाहेर आल्या. त्या रस्त्यावर पोचेपर्यंत दोघांनी पत्रा हलू दिला नाही. मग हळूच दारासमोर आडवा ठेवला आणि पायपुसण्यावर पाय पुसून आत आले.

वहिनींनी पोशाख मशीनखाली घेतला. ज्याचा उसवला तो टॉवेल गुंडाळून लाजत बसला, दुसरा कापड ताणून धरू लागला. मध्येच त्याने खुणा केल्या. आधी स्वतःकडे बोट दाखवून हात उंचावले. मग मित्राकडे बोट दाखवून मान खाली घातली. मग उसवलेल्या शिवणीकडे पाहून बोट नकारार्थी हलवलं.

“म्हणतोय, याला हरवायचं ते मी,” नणंदबाईंनी अर्थ लावला. “शिवणीने नाही.”

वहिनींनी टीप दुहेरी मारली.

शिवण टिकली. टॉवेलवाला थोडक्यात हरला. जिंकलेल्याने त्याला ओढून वरच्या पायरीवर घेतलं आणि कॅमेऱ्याला ती टीप दाखवली. “हीच जगाची एकता!” निवेदक म्हणाला.

“माझी टीप आहे ती!” वहिनी टीव्हीवर ओरडल्या.

समारोपानंतर अधिकारी आले.

“भिंत कुठे गेली?”

“तुम्ही उभे आहात तीच.”

साहेब दचकून बाजूला झाले. “भिंत शेवटपर्यंत दिमाखात उभी होती, असा अहवाल गेलाय.”

“पण ती आडवी पडलीय! आता महोत्सव संपला, उचलून न्या की.”

“उभी भिंत उचलायची कशी, बाई? नियमात बसत नाही.” एवढ्यात त्यांना रंगीत हातांवर गिऱ्हाइकांच्या चपलांचे ठसे दिसले आणि ते लालबुंद झाले. “जगाच्या मैत्रीवर पाय?”

तासाभरात पत्र्याभोवती दोरी आली, पहारेकरी आला आणि पाटी आली, ‘मैत्रीवर पाय देऊ नये.’ वहिनींचं दार आता सताड उघडं आहे. गिऱ्हाइकं दोरीपलीकडून स्वच्छ दिसतात, हात हलवतात, कपडे फेकतात.

“वहिनी, कंबर आणखी सैल!”

वहिनींनी खिडकीतून जाऊन अर्ज दिला. तो असा: महोदय, आमच्या दारातील भिंत उभी आहे हे आम्हांस मान्य आहे. ती फक्त जमिनीवर उभी राहण्याऐवजी जमिनीवर पसरून उभी आहे. तरी ‘आडवी उभी भिंत उचलणे’ या क्रीडाप्रकारास पुढील महोत्सवात मान्यता द्यावी, त्याची अंतिम फेरी आमच्या दारात घ्यावी, टीव्हीवर रोज भांडणाऱ्या त्या दोन्ही देशांस एकाच संघातून उतरवावे, आणि येताना उसवलेले सर्व कपडे सोबत आणण्याची सूचना सर्व राष्ट्रांस द्यावी, ही नम्र विनंती.