हातचे दिवस

भाचीचं पत्र शब्दकोशात खोचलेलं होतं, आणि ते आल्यापासून मामांनी शब्दकोश उघडलाच नव्हता. अडलेला शब्द आला तरी ते पुढे वाचत. उत्तर द्यायचं विसरले होते असं नाही. काय उत्तर द्यावं ते कळत नव्हतं.

भाची पंपांच्या कारखान्यात सुटे भाग मागवायचं काम बघायची. आता तिला दुसरी जागा देऊ केली होती: नव्या शेडमध्ये यंत्रांची अख्खी लाइन उभी करायची आणि पहिला पंप बाहेर पडेपर्यंत सगळं तिने सांभाळायचं. आहे तिथे राहायलाही मुभा होती. तिने लिहिलं होतं, ‘मामा, तू दोन्ही कामं केलीस. कशात कसली जबाबदारी असते आणि मला काय झेपेल, ते मोकळेपणी लिही. फोन नको, फोनवर तू नुसतं हो हो म्हणतोस. शुक्रवारी मला साहेबांना सांगायचंय.’

मामांनी शुक्रवार वाचला आणि मनातल्या मनात त्याचा पुढचा महिना केला. नोकरीतली सवय. कारखान्यात खरी तारीख कोणी कोणाला सांगत नसे. ओतकामवाले चार दिवस हातचे राखून सांगत, रंगवाले त्यावर आपले चढवत, आणि वरचा माणूस सगळ्यांचे कापून भलतीच तारीख लिही. कापणार हे माहीत म्हणून राखायचे, राखलेत हे माहीत म्हणून कापायचे. त्यात लबाडी आहे असं कुणाच्या मनातही येत नसे.

म्हणजे त्यांच्या हिशेबाने घाई नव्हती. घाई नसूनही कागद पुढे सरकेना. मामांनी लिहिलं, ‘भाग वेळेवर आले तर तुझं नाव कोणी काढणार नाही, एक बोल्ट कमी पडला तर सगळे काढतील.’ मग नव्या लाइनच्या प्रकल्पाविषयी लिहायला घेतलं तर हेच वाक्य पुन्हा कागदावर उतरलं. दोन्ही खोडली. आपण तरी तिथे काय केलं? हाताने एक पंप जोडला नाही, एक विकला नाही. इकडच्याला तिकडचं सांगितलं, तिकडच्याला इकडचं.

“मग जन्मभर केलंत काय?” बायकोने विचारलं. तिरकं नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“लोकांना आठवण करून द्यायचो.”

“ते तर मी घरात फुकट करते,” ती म्हणाली आणि निवडलेली भाजी घेऊन आत गेली.

बुधवारी सकाळी ताईचा फोन आला. ताई म्हणजे मामांची मोठी बहीण, भाचीची आई. पोरगी घरी आली की चप्पल काढायच्या आधी पत्रांची पेटी बघते, असं तिने सांगितलं. मामा चाचरत म्हणाले, शुक्रवार म्हणजे काही अगदी शुक्रवारच नसेल.

“शुक्रवार म्हणजे शुक्रवार,” ताई म्हणाली. “तिला हातचं राखता येतं का कधी? मागे भाग बावीसला येतील म्हणाली, साहेबांनी अठरा लिहिले. आले बावीसलाच, आणि बोलणी हिने खाल्ली. एवढी पुस्तकं वाचलीस, घरची पोर तेवढी वाचली नाहीस.”

मामा हो हो म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांना पायावाला आठवला. मामांच्या नोकरीत एक नवी लाइन उभी केली तेव्हा यंत्राचा पाया घालायला आलेला गृहस्थ. काँक्रीट वाळायला इतके दिवस लागतील म्हणाला. बैठकीत सगळ्यांनी मान डोलावली आणि सवयीने आठवडा कापला. त्याने काही राखलेलंच नव्हतं. यंत्र आलं, पाया ओला, आणि यंत्र आवारात ताडपत्री पांघरून बसलं. पुढच्या कामाला त्याला बोलावलं नाही.

अशी मुलगी प्रकल्पावर गेली तर तिचे हाल होतील. खालचे राखतील, वरचे कापतील, मध्ये ही. पण आहे तिथे राहिली तरी तिच्या तारखा कापल्या जाणारच. तिकडे निदान खालच्यांचे दिवस कापायची पेन्सिल तिच्या हातात असेल. पण हातात आलेली पेन्सिल कोणी खाली ठेवलेली मामांनी पाहिली नव्हती. चहा गार झाला. शेवटी, आणखी विचार केला तर आणखीच गुंता होईल या भीतीने त्यांनी लिहिलं:

‘तुझ्या शुक्रवारात मी हातचे दिवस धरले, म्हणून उशीर. कोणतं काम बरं ते मला अजूनही कळलेलं नाही. दोन्हीकडे दुसऱ्यांच्या उशिराचं उत्तर आपणच द्यायचं असतं. पण प्रकल्पावर लोक तुला तारखा सांगतील. पहिल्याच दिवशी सांग की मी कापणार नाही. मग ते खरं बोलतील का? माहीत नाही, मी कधी करून पाहिलं नाही. तरी वाटतं, घे. चुकलं तर मला शिव्या दे, फोनवर दे. मी हो हो म्हणेन.’

पोस्टातल्या बाईंनी पाकिटावर शिक्का मारला. मामांनी विचारलं, “कधी पोचेल?”

“उद्या.”

यांनी एखादा दिवस राखला असेल की कापला असेल, हे विचारावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. मागे रांग होती. पाकीट बाईंनी मागच्या पिशवीत टाकलं, आणि मामा काही न विचारता बाजूला झाले.