कात्रीबाईंची गोळी

“ही गोळी घेतली की अंगात त्राणच राहत नाही. म्हणून बंद केली,” कात्रीबाईंनी डॉक्टरीणबाईंना तोंडावर सांगून टाकलं. एवढं बोलतानाही त्यांना धाप लागली. पाय सुजून चपलेत मावत नव्हते.

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्या एकतीस वर्षं कापड कापत होत्या, म्हणून हे नाव पडलं. नवरा गेला आणि आठवड्याच्या आत त्या कामावर हजर झाल्या. धाकट्या बहिणीचं शिक्षण त्यांनी त्या कात्रीवरच केलं. आज तीच बहीण त्यांना धरून घेऊन आली होती.

“तुमचं हृदय दमलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “रक्त कमी पोचलं की मेंदूला वाटतं, संकट आलं. मग तो हृदयाच्या मागे लागतो, जोरात धड, अजून जोरात. अंगात पाणीही साठवायला लावतो.”

“म्हणजे माझं डोकंच माझ्या जिवावर उठलंय?”

“वाचवायलाच बघतंय हो ते. पण घटकाभराची धावपळ त्यानं वर्षभर चालवलीय. ही गोळी त्याचा हुकूम हृदयापर्यंत तेवढ्या जोरात पोचू देत नाही. सुरुवातीला गळून जाल. मनानं मात्र बंद करायची नाही.”

“ताई, डोकं अगदी तुझंच आहे,” बहीण म्हणाली. “पडलेल्याला आणखी पळवायचं!”

कात्रीबाईंना हसू आलं आणि मग खोकला.

सूज उतरेपर्यंत त्या दवाखान्यातच राहिल्या. मग गोळी पुन्हा सुरू झाली, अगदी छोट्या तुकड्यापासून. पहिले काही आठवडे वेणी घालतानाही हात भरून यायचे. दोनदा त्यांनी गोळ्यांची पट्टी खिडकीबाहेर भिरकावायला उचलली आणि दोन्ही वेळा दात-ओठ खाऊन गोळी गिळली. रोज सकाळी वजन करायचं, पाणी मोजून प्यायचं आणि चालायचं. आधी जिन्यापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, मग बागेला एक फेरी.

पाच महिन्यांनी तपासणीत हृदयाची ताकद पंचवीस टक्क्यांवरून अडतीसवर आली होती.

“आता कामावर जाऊ?”

“चार तास. जड काही उचलायचं नाही.”

सोमवारी त्या कारखान्यात गेल्या. त्यांच्या टेबलाशी शेजारच्या मशीनवर कॉलर बसवणारी बाई कापायला उभी होती. ती गडबडून बाजूला झाली आणि कात्री पुढे करत म्हणाली, “घ्या ना बाई, तुमचीच जागा आहे.”

कात्रीबाईंनी ती हातात घेतली. समोर बारा पदरी जाड कापड अंथरलं होतं. त्यांनी बोटांनी त्याची जाडी चाचपली. मग त्यांनी कात्री तिच्या हातात परत दिली.

“तू काप. मी आखून देते.”

आणि स्टूल ओढून बसत त्यांनी खडूनं पहिली रेघ मारली, सरळ.