भिंतीवरचा श्वास

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका खोलीत चला. वरचा मजला आहे, दुपारचे तीन वाजलेत, माथ्यावरचा स्लॅब तव्यासारखा तापलाय. दार बंद, खिडकी बंद, छतालगतच्या झरोक्यावर पुठ्ठा ठोकलेला. भिंतीवर एसी चालू आहे. आता कान द्या. एक लांब श्वास आत जातो. मध्येच अडतो. मग काडकन काहीतरी मोडल्यासारखं होतं आणि श्वास पुन्हा सुटतो. खोलीत तर दुसरं कुणीच नाही.

हे घर खारूताईचं. वय वर्षं नऊ, सदानकदा कशावर तरी चढलेली, म्हणून हे नाव. तिची आई फ्रिज आणि एसी दुरुस्त करायची. मग ती आजारी पडली, चार महिने याच खोलीत पडून होती आणि थंडी सरता सरता गेली. शेवटी शेवटी तिचा श्वास असाच अडायचा. उन्हाळा लागला, एसी सुरू झाला आणि काही आठवड्यांनी भिंतीवरून तोच श्वास ऐकू यायला लागला.

बाबा शिंपी. त्यांचं शिलाई मशीन त्याच खोलीत. आवाजाबद्दल ते अवाक्षर काढत नसत. आवाज आला की मशीनचं पायडल जोरात दाबत आणि एसी आणखी खाली, अठरावर, सोळावर आणत. तरी खोली थंड होईना, वर भिंतींनी ओल धरली. कपड्यांवर घामाचे डाग पडू लागले. आत्या त्यांच्याकडेच राहायची, तिच्या जिभेला हाड नव्हतं. हा एसी आपल्या थोरल्या काकांच्या वळणावर गेलाय, नुसता घोरतो, काम शून्य, असं ती म्हणायची. पण दुपारी त्या खोलीत एकटी पाऊल टाकायची नाही.

शेवटी बाबांनी एसीच्या दुकानातल्या माणसाला बोलावलं. त्याने टेप लावून खोली मोजली, मान हलवली आणि याच्या दुप्पट ताकदीचा एसी सुचवला. जुना उद्या सकाळी काढून नेतो म्हणाला. बाबा हो म्हणाले.

खारूताई दारात उभी होती. त्या आवाजाला तीही भ्यायची, रात्री पांघरूण डोक्यावरून घ्यायची. पण एसी गेला की तो श्वासही जाणार होता आणि आईचं म्हणावं असं या घरात तेवढंच काही हलत होतं. तिने बाबांना एसी देऊ नका म्हणून विनवलं. तिला आठवत होतं, खोली, तिथलं ऊन आणि आत वावरणारी माणसं मोजून आईनेच हा लहान एसी निवडला होता. लहान खोलीत मोठा एसी लावला तर तो पटकन गारवा करून थांबतो आणि दमटपणा तसाच ठेवतो, असं ती गिऱ्हाइकांना समजावायची. सकाळ-संध्याकाळ झरोका उघडायची, गरम हवा वर जाऊन बसते, तिला बाहेरची वाट दाखवावी लागते म्हणायची. खारूताईने हे सगळं एका दमात सांगितलं.

बाबांनी कात्रीवरची नजर उचलली नाही. "मला तो आवाज ऐकवत नाही गं," एवढंच म्हणाले आणि तयार कपडे पोचवायला निघून गेले.

मग खारूताई कापड बेतायच्या टेबलावर चढली. आत्याने आधी रागावून पाहिलं, मग टेबल घट्ट धरलं. आईची शिस्त होती, यंत्र कण्हलं की आधी त्याचं नाक बघायचं. म्हणून खारूताईने बटण बंद केलं, प्लग काढला, झाकण वर उचललं. आतल्या जाळीवर धुळीचा आणि कापडाच्या तंतूंचा राखाडी थर बसला होता, अगदी घोंगडीसारखा. हवा अडल्याने मागच्या नळ्यांवर पांढरा बर्फ चढला होता. प्लग काढलेला असूनही आतून एक बारीक सुस्कारा आला. बर्फ तडकताना, वितळताना असा आवाज होतो, हे मला ठाऊक आहे. तिला त्या वेळी ते सांगायला कुणी नव्हतं.

तिने जाळी बाहेर ओढली. तिच्या चौकटीवर पेन्सिलीने तारखा लिहिल्या होत्या. आईचं अक्षर. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने सहा तारखा, सगळ्या या उन्हाळ्यातल्या. आई गेल्यानंतरच्या.

खारूताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. आई दुपारी येते आणि इथे लिहून जाते, असंच तिला वाटलं. तिने तारखा वाचून दाखवल्या. आत्याने टेबल सोडून जाळी हातात घेतली.

"अगं, तिने अंथरुणावर मागून घेतली होती ती जाळी," आत्या म्हणाली. "सोबत पेन्सिल. म्हटलं, वेळ जात नसेल बिचारीचा. हसले मी तिला."

आईची रीतच होती. जाळी धुवायची तारीख आधी लिहायची, धुतली की पुढे बरोबरची खूण करायची. शिंप्याच्या खोलीत पंधरा दिवसांवर थांबून चालत नाही, तंतू भरतात, असं ती म्हणे. पहिल्या दोन तारखा उलटून गेल्या होत्या. एकीपुढेही खूण नव्हती.

खारूताई जाळी घेऊन न्हाणीघरात गेली. आत्याने मागोमाग येऊन तिचा हात धरला. "नको गं, पेन्सिलीचं अक्षर पाण्यात टिकायचं नाही. आपण अशीच जपून ठेवू. एसी जायचा तर जाऊ दे."

खारूताईने त्या सहा ओळींवरून एकदा बोट फिरवलं. जिन्यावर बाबांची पावलं वाजली. तिने जाळी उलटी धरली, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर पडते. धुवायच्या राहून गेलेल्या दोन तारखा अंगठ्याने घासून पुसून टाकल्या, उरलेल्या चारांवर तळहात घट्ट दाबला आणि दुसऱ्या हाताने नळ सोडला.