सावळारामचे लाल डोळे

नवऱ्याचे डोळे लाल दिसले तेव्हा मी आधी त्याचं तोंड हुंगलं. बडीशेपेचा वास आला. सरळमार्गी माणूस कामावरून येताना बडीशेप कशाला खाईल? मला काय ते कळून चुकलं.

चारचौघांत मी त्याला अहो-जाहो करते, पण ही गोष्ट सांगताना तेवढी मर्यादा जमणार नाही. सावळारामनं चैत्रात, वज्रेश्वरीच्या जत्रेत, देवीपुढे नारळ ठेवून दारू सोडली. तिथेच मीही सांगून टाकलं की पुन्हा थेंब जरी घेतलात तर मी कुमारकडे, म्हणजे माझ्या भावाकडे, निघून जाईन आणि परत येणार नाही. मी थट्टा करत नव्हते. अकरा वर्षं मी या माणसाला गटाराच्या काठावरून उचलून आणलंय. मग सात महिने सुखाचे गेले आणि दिवाळी सरते न सरते तोच हे डोळे.

"मी न्हाय प्यालो," तो म्हणाला. "गोडाऊनला धूळ हाय. दिवसभर खोके फोडतोय, डोळ्यांत जाते. खाज सुटते, मी चोळतो."

"दापोड्याच्या गोडाऊनांत हजार माणसं खोके फोडतात. त्यांचे न्हाय ते लाल?"

"त्यांचे त्यांच्या बायका बघतील."

उलट उत्तर दिलं म्हणजे नक्कीच घेतलेली होती. पण हाती पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय माहेरी गेले तर कुमारची बायको आठवड्यात मला परत पाठवील, हेही मला ठाऊक होतं.

शेजारच्या ललितानं डोळे लांबूनच बघितले. "वयनी, ही दारू न्हाय, ही नजर हाय," ती म्हणाली. "रोज सांजेला दृष्ट काढा. आनि वरून गुलाबपाणी घाला. आठ दिवसांत डोळे पांढरे झाले तं नजर. न्हाय झाले तं मंग तुमचा तुमी समजा."

मला हे पटलं. पुरावाही मिळणार आणि उपचारही होणार. मी कुठलंही काम अर्धवट करत नाही. मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या घ्यायच्या, त्यात मी मुद्दाम लवंगी निवडल्या. सावळारामला ओट्यावर बसवून मूठ गच्च आवळायची, डोक्यावरून उतरवायची आणि सगळं मागच्या चुलीत टाकायचं. पहिल्या दिवशी ठसका लागला नाही, म्हणजे जबर नजर होती. दुसऱ्या दिवशी दोघांनाही ठसका लागला, म्हणजे नजर नव्हती आणि दारू होती. तिसऱ्या दिवशी फक्त ललिताला लागला. त्याचा अर्थ मी अजून लावतेय.

दृष्ट झाली की लगेच गुलाबपाणी. लगेच, कारण सावळाराम एकदा उठला की परत हाताला लागत नाही. मी दोन बोटांनी त्याच्या पापण्या फाकवायची आणि थेंब सोडायची. तो अशी काही किंकाळी फोडायचा की समोरच्या कारखान्यातले माग चालवणारे बाहेर येऊन "क्या हुआ भाभी?" विचारायचे.

"गुलाबपाणी झोंबतं कुणाला?" मी त्याला सुनवायची. "देवीची शपथ मोडली त्याला झोंबतं."

तो ओट्याची कड धरून बसायचा आणि दुसरा डोळा पुढे करायचा.

आठ दिवस झाले. डोळे टोमॅटोसारखे झाले. नवव्या दिवशी मी पिशवी भरली. रविवारची पहिली एसटी धरायची ठरवली. सावळारामनं पिशवी बघितली आणि म्हणाला, "जा. पन आधी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईला दाखव. ती सांगेल मी पितो का न्हाय." मी म्हटलं, उत्तम. डॉक्टरच्या तोंडून ऐकलं म्हणजे कुमारच्या बायकोचंही तोंड बंद. निघता निघता दृष्टसुद्धा काढली, एवढी मी मन लावून करत होते.

भिवंडीतल्या त्या दवाखान्यात एकच खोली, मध्ये पडदा, पलीकडे बाकावर पेशंट. डॉक्टर रुचिका वयानं लहान, पण बोलायला धीट. मी सरळ विचारलं, "मॅडम, डोळे बघून सांगा. हे पितात का?"

तिनं यंत्रातून दोन्ही डोळे बघितले. धुळीचं विचारलं, चोळण्याचं विचारलं. मग म्हणाली, "सुरुवात धुळीनंच झाली असणार. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या असत्या आणि चोळले नसते तर चार दिवसांत उतरलं असतं. पण हे भाजल्यासारखं दिसतंय. घरी काय घालता?"

मी सगळं सांगितलं. थोडं अभिमानानंच सांगितलं. मिरच्या किती, मूठ कशी आवळायची, पापणी कशी धरायची.

"आणि मधे हात कधी धुता?"

"मोरी मागच्या अंगाला हाय, मॅडम. मी हात धुवून येईपर्यंत हे पळतात."

डॉक्टर माझ्या बोटांकडे बघत राहिली. "ताई, हे पितात की नाही ते डोळ्यांवरून कळत नाही. यांच्या डोळ्यांत रोज मिरची जाते, एवढं मात्र कळतं. ती तुम्ही घालता." पडद्यापलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. मग ती सावळारामकडे वळली. "आणि काका, एवढी आग होत होती तर नको का नाही म्हणालात?"

सावळाराम खाली मान घालून म्हणाला, "नको म्हटला असता तं हिला वाटला असता मी प्यालोय. मंग ही गेली असती."

त्याला गटाराकाठून उचलताना मला कधी वाटली नव्हती एवढी लाज मला त्या स्टुलावर वाटली. सात महिने हा माणूस खरं बोलत होता आणि मी त्याच्या खरेपणात मिरची घालत होते. माझ्या डोळ्यांना धार लागली. पुसायला हात वर नेला तर डॉक्टरनं मनगट पकडलं. "आधी साबणानं हात धुवा!"

बेसिन पडद्याबाहेर होतं. मी दोन्ही हात अंगापासून लांब धरून, हुंदके देत, लालभडक डोळ्यांनी बाकापुढून निघाले. सगळे पेशंट माझ्याकडे बघत होते. मागून सावळाराम चाचपडत येत होता आणि एकेकाला समजावत होता, "न्हाय हो, प्यालेली न्हाय ती. माझी बायको हाय, मला ठाव हाय."